छावणीतली शाळा

पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या कार्लाइल गावालगतची लष्करी छावणी अमेरिका स्वतंत्र होण्याच्याही आधीची, 1757ची. यादवी युद्धात, 1863 साली, गेटिसबर्गच्या लढाईच्या वेळी दक्षिणेच्या घोडदळाने ती जाळली. पुढे ती पुन्हा उभी राहिली, पण 1879पर्यंत सैन्याला तिची फारशी गरज उरली नव्हती. त्या वर्षी सरकारने तिथे मूलनिवासींच्या मुलांसाठी निवासी शाळा काढली. कार्लाइल इंडियन इंडस्ट्रियल स्कूल हे तिचं नाव. उत्तर अमेरिकेतल्या मूलनिवासींचा इतिहास आपण सहसा लढाया आणि सरदार यांच्या नावांनी वाचतो. त्या सरदारांच्या मुलांचं पुढे काय झालं, याचा शोध घेऊ लागलं की कार्लाइलला यावंच लागतं.

शाळेचा उगमही लढाईतच आहे. 1874-75मध्ये दक्षिणेकडच्या गवताळ मैदानांत रेड रिव्हरचं युद्ध झालं. चामड्यासाठी गोऱ्या शिकाऱ्यांनी बायसनचे कळपच्या कळप मारले होते आणि कायोवा, कोमांची, शायेन, अरापाहो या जमातींचं जगणं त्या जनावरावर अवलंबून होतं. शेवटी त्यांना शरण यावं लागलं. त्यांच्यापैकी सत्तरेक जणांना कसलाही खटला न चालवता बेड्या घालून फ्लोरिडाच्या फोर्ट मॅरियन किल्ल्यात नेण्यात आलं. वाटेत ग्रे बिअर्ड या शायेन सरदाराने आगगाडीतून उडी टाकली, तेव्हा पहारेकऱ्यांनी त्याला गोळी घातली.

या कैद्यांवरचा अधिकारी होता रिचर्ड हेन्री प्रॅट. त्याने त्यांच्या बेड्या काढल्या, केस कापले, अंगावर लष्करी गणवेश चढवला, कवायत सुरू केली, गावातल्या बायकांना बोलावून इंग्रजी शिकवायला लावलं. कैद्यांना हिशेबाच्या वह्या आणि रंगीत पेन्सिली मिळाल्या. झोटम, हाउलिंग वुल्फ यांच्यासारख्यांनी त्या वह्यांत शिकारी काढल्या, घोडे काढले, आपल्याला इथवर आणलं तो प्रवास काढला. आज ही चित्रं संग्रहालयांत जपून ठेवलेली आहेत. प्रॅटने मात्र या प्रयोगातून वेगळाच निष्कर्ष काढला: मोठ्या योद्ध्यांना तीन वर्षांत असं बदलता येत असेल, तर मुलांना लहानपणीच उचलून आणलं की काम पक्कं होईल. 1878मध्ये कैदी सुटले. त्यांच्यातले काही तरुण व्हर्जिनियातल्या हॅम्प्टनच्या शाळेत गेले. मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांसाठी काढलेली ती शाळा होती. प्रॅटला स्वतःची, फक्त मूलनिवासींसाठीची शाळा हवी होती. कार्लाइलची छावणी त्याने मागून घेतली.

पहिली मुलं कुठून आणायची, हे वॉशिंग्टनने ठरवलं. डाकोटातल्या रोझबड आणि पाइन रिज या लकोटांच्या वस्त्यांतून. लिटल बिगहॉर्नला लकोटा आणि त्यांच्या मित्रांच्या हातून सेनाधिकारी कस्टरची तुकडी कापली गेली त्याला तीनच वर्षं झाली होती. 1868च्या तहाने लकोटांना दिलेले ब्लॅक हिल्सचे डोंगर, तिथे सोनं सापडताच, 1877मध्ये काढून घेतले गेले होते. लकोटांचा पुढारी सिटिंग बुल अजून कॅनडात होता. अशा वेळी सरदारांची मुलं दीड-दोन हजार किलोमीटरवर सरकारच्या ताब्यात असली तर बाप शांत राहतील, असा अधिकाऱ्यांचा हिशेब होता. प्रॅटने स्वतःच आपल्या आठवणींत ते लिहून ठेवलं आहे. मुलं ओलीस होती. शाळेच्या वाटचालीतली ही पहिली पायरी नजरेआड केली, तर पुढचं काहीच नीट कळत नाही.

रोझबडचा प्रमुख स्पॉटेड टेल, लकोटा नाव सिंते ग्लेश्का, याने सुरुवातीला साफ नकार दिला. गोरे चोर आणि खोटारडे आहेत, त्यांच्या विद्या आमच्या पोरांना नकोत, असं त्याने तोंडावर सांगितलं. प्रॅटने त्याला दुखऱ्या जागीच पकडलं. तुला वाचता आलं असतं, तर तहाच्या कागदात काय आहे ते तुला कळलं असतं आणि ते डोंगर कदाचित तुझ्याकडे राहिले असते; मग पोरांनाही तसंच अडाणी ठेवणार का? सरदार बाजूला जाऊन बराच वेळ बोलत बसले आणि शेवटी हो म्हणाले. स्पॉटेड टेलने आपली स्वतःची मुलंही दिली. मला हा प्रसंग या साऱ्या कहाणीतला सर्वांत क्रूर वाटतो. ज्या राज्याने कागदावर फसवलं, त्याच राज्याचा माणूस त्या फसवणुकीचा दाखला देऊन मुलं मागत होता. आणि बापांनी ती दिली, कारण मुद्दा खरा होता.

6 ऑक्टोबर 1879च्या मध्यरात्री 82 मुलामुलींची पहिली खेप कार्लाइलला उतरली. स्टेशनावर बघ्यांची गर्दी होती. छावणीत ना खाटा पोचल्या होत्या ना अंथरुणं. पोरं आपापल्या घोंगड्या पांघरून जमिनीवर झोपली. त्यांच्यात ओटा क्टे नावाचा एक मुलगा होता. आपण शिकायला नव्हे, शत्रूच्या मुलखात शौर्य दाखवायला आणि बहुधा मरायला चाललो आहोत, अशा समजुतीने तो निघाला होता. काही दिवसांनी वर्गातल्या फळ्यावर पांढऱ्या रेघोट्या उमटल्या आणि एकेका मुलाच्या हातात छडी देऊन त्यातली एक दाखवायला सांगितलं गेलं. त्या रेघोट्या म्हणजे गोऱ्यांची नावं होती. ओटा क्टेने एकीवर छडी टेकवली आणि तो ल्यूथर झाला. ते नाव कापडाच्या पट्टीवर लिहून त्याच्या सदऱ्याच्या पाठीवर शिवलं गेलं. पुढे ल्यूथर स्टँडिंग बेअर या नावाने त्याने 1928मध्ये आपल्या आठवणी छापल्या, म्हणून हे आपल्यापर्यंत पोचलं.

मग न्हावी आला. लकोटा माणूस केस कापतो तो घरात कोणी गेलं की. त्या रात्री मुलांनी मोठ्याने आक्रोश केला. शाळेने मात्र या कापलेल्या केसांचीच जाहिरात केली. गावातला छायाचित्रकार जॉन चोट आल्या आल्या मुलांचा एक फोटो घ्यायचा आणि काही काळाने कोट-कॉलरमध्ये दुसरा. टॉम टोर्लिनो या नवाहो तरुणाची 1882 आणि 1885ची जोडी सर्वांत प्रसिद्ध आहे. अशा जोड्या खासदारांना, देणगीदारांना पाठवल्या जात.

दिनक्रम लष्करी होता. बिगूल, घंटा, रांगा. अर्धा दिवस वर्ग, अर्धा दिवस काम: मुलांना लोहारकाम, जिनगरी, चांभारकाम, मुलींना शिवण आणि धुणं. घरच्या भाषेत बोललं तर शिक्षा. उन्हाळ्यात, कधी वर्षभरही, मुलं आसपासच्या गोऱ्या शेतकऱ्यांच्या घरी कामाला ठेवली जात. त्याला ‘आउटिंग’ म्हणत. प्रॅट मूलनिवासींना बुद्धीने कमी मानत नव्हता, त्या काळात हे वेगळं होतं. पण माणूस वाचवायचा तर त्याच्यातला ‘इंडियन’ मारला पाहिजे, असं त्याने 1892मध्ये जाहीर भाषणात सांगितलं. त्याच्या सद्भावनेबद्दल अजूनही लिहिलं जातं. ती मान्य केली तरी मुलांच्या वाट्याला जे आलं ते काही बदलत नाही.

1880मध्ये स्पॉटेड टेल शाळा पाहायला आला. आपली पोरं गणवेशात कवायत करताना पाहून आणि एकाला कोठडीत टाकल्याचं कळून तो संतापला. आपल्या मुलांना घेऊन तो परत निघाला. व्हाइट थंडर या सरदाराचा मुलगा अर्नेस्ट हाही गाडीत लपून बसला होता. तो सापडला आणि त्याला उतरवून परत शाळेत आणलं गेलं. त्यानंतर तो आजारी पडला. अन्न आणि औषध त्याने नाकारलं. डिसेंबर 1880मध्ये तो गेला.

असे मृत्यू पुढेही होत राहिले, मुख्यतः क्षयाने. 1886मध्ये अपाचींचा पुढारी जेरोनिमो शरण आला आणि चिरिकाहुआ अपाचींना युद्धकैदी म्हणून फ्लोरिडात नेलं गेलं, तेव्हा त्यांच्या शंभरावर मुलांना आईबापांपासून तोडून कार्लाइलला पाठवलं गेलं. त्यांतली बरीच परतलीच नाहीत.

जी परतली, त्यांच्यातला एक प्लेंटी हॉर्सेस. हा लकोटा तरुण पाच वर्षं कार्लाइलला राहून 1888मध्ये रोझबडला आला. हाताला काम नाही, गावात कोणी आपलं म्हणेना. 29 डिसेंबर 1890ला वूंडेड नी इथे सैन्याने शेकडो लकोटांची कत्तल केली. त्यानंतर नऊच दिवसांनी त्याने लेफ्टनंट केसी या अधिकाऱ्याला मागून गोळी घातली. आपण एकाकी होतो, आता लोक आपल्याला लकोटा म्हणतील, असं त्याचं म्हणणं होतं. खुनाचा खटला उभा राहिला आणि न्यायाधीशाने त्याला सोडून दिलं: तेव्हा युद्ध चालू होतं, म्हणून हा खून ठरत नाही. तसं मानलं नसतं तर वूंडेड नीच्या सैनिकांवरही खुनाचा आळ आला असता.

1904मध्ये प्रॅटला पदावरून काढलं. पुढच्या वर्षी थिओडोर रूझवेल्टच्या शपथविधीच्या मिरवणुकीत जेरोनिमोसह सहा सरदार घोड्यांवर आणि त्यांच्यामागे कार्लाइलचे गणवेशातले विद्यार्थी चालले. जेरोनिमो तेव्हाही युद्धकैदीच होता.

नंतरच्या काळात शाळेचं नाव झालं ते फुटबॉलमुळे. प्रशिक्षक पॉप वॉर्नर आणि सॅक अँड फॉक्स जमातीचा जिम थॉर्प. 1911मध्ये त्यांनी हार्वर्डला 18-15 असं हरवलं. 1912मध्ये वेस्ट पॉइंटच्या लष्करी संघाला 27-6. त्या लष्करी संघात पुढे राष्ट्राध्यक्ष झालेला आयझेनहॉवर होता. त्याच वर्षी स्टॉकहोम ऑलिम्पिकमध्ये थॉर्पने दोन सुवर्णपदकं जिंकली आणि होपी जमातीच्या लुईस टेवानिमाने दहा हजार मीटर शर्यतीत रौप्य. टेवानिमा कार्लाइलला आला होता तोही सरकारचा कैदी म्हणूनच.

विद्यार्थ्यांनी सह्या करून तक्रार केली आणि 1914मध्ये संसदेची चौकशी लागली. मारहाण, निकृष्ट जेवण, पैशांचे गैरव्यवहार बाहेर आले. 1918मध्ये शाळा बंद झाली आणि महायुद्धातल्या जखमींसाठी तिथे इस्पितळ निघालं. 140हून अधिक जमातींची किमान 7,800 मुलं इथून गेली होती. अभ्यासक्रम पुरा करून पदवी मिळाली ती साडेसातशेच्या आसपास मुलांना.

मागे राहिली कबरस्तानातली दीडशेहून जास्त मुलं. 1927मध्ये सैन्याने ते कबरस्तानही हलवलं. नव्या दगडांवर काही नावं चुकली, काहींवर ‘अज्ञात’ एवढंच आलं. 2017मध्ये नॉर्दर्न अरापाहोंनी आपली मुलं परत नेण्यास सुरुवात केली. रोझबडच्या तरुणांनी 2015मध्ये या कबरी पाहिल्या आणि आपल्या वडीलधाऱ्यांना विचारलं, यांना घरी का नेत नाही? सहा वर्षांच्या पाठपुराव्यानंतर जुलै 2021मध्ये नऊ मुलं रोझबडला पोचली. त्यांत अर्नेस्टही होता. त्या रोझबडवर 1971पासून लकोटांचं स्वतःचं उच्चशिक्षण केंद्र आहे. तिथे लकोटा भाषा शिकवली जाते. त्याचं नाव सिंते ग्लेश्का विद्यापीठ.

ऑक्टोबर 2024मध्ये राष्ट्राध्यक्ष बायडन यांनी निवासी शाळांबद्दल देशाच्या वतीने माफी मागितली आणि डिसेंबरमध्ये कार्लाइलला राष्ट्रीय स्मारक घोषित केलं. त्याच वर्षाच्या जानेवारीत विनेबागो जमातीने सॅम्युअल गिल्बर्ट आणि एडवर्ड हेन्सली या दोन मुलांसाठी सैन्याविरुद्ध न्यायालयात धाव घेतली होती. मूलनिवासींचे अवशेष जमातींना परत करण्याचा कायदा 1990पासून आहे. त्या खटल्यात सैन्याचं म्हणणं असं होतं की तो या कबरस्तानाला लागू नाही. इथे सैन्याचा स्वतःचा नियम चालेल आणि त्या नियमानुसार अर्ज मृताच्या सर्वांत जवळच्या हयात नातेवाईकाने करायचा. कार्लाइलला पुरलेली बहुतेक मुलं लग्नाआधीच गेलेली आहेत.