न उगवलेल्या बियाण्याचे मागचे वर्ष

२०२० च्या खरिपात नांदेड, लातूरसह मराठवाडाभर सोयाबीन उगवले नाही, अशा हजारो तक्रारी झाल्या. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्यांची स्वतःहून दखल घेतली. सगळी चर्चा बियाण्याच्या पिशवीभोवती फिरली. भेसळ आणि फसवणूक यांची चौकशी व्हायलाच हवी. पण मला या घटनेची सुरुवात आधीच्या वर्षाच्या हवामानात दिसते, आणि मुळे त्याहूनही मागे.

सोयाबीन हे इथले जुने पीक नव्हे. १९३५ मध्ये गांधीजी वर्ध्याच्या मगनवाडीत त्याचे आहारातले प्रयोग करत होते, तेव्हा मराठवाड्याची शेती ज्वारी, कापूस, तूर, मूग, उडीद, करडई यांची होती. १९९४ मध्ये जबलपूरचे ‘जेएस ३३५’ हे वाण प्रसारित झाले आणि पुढच्या दोन दशकांत लातूर-नांदेडचा खरीप पालटला. परभणीच्या कृषी विद्यापीठाने ‘एमएयूएस ७१’सारखी वाणे दिली. शंभरेक दिवसांत निघणारे, रोख पैसा देणारे हे पीक घरोघरी गेले.

बी राखण्याची जुनी रीत मात्र त्याला पुरली नाही. ज्वारीची निवडक कणसे बाजूला काढली, डाळीचे बी राखेत घोळून ठेवले, की निभत असे. सोयाबीनचे टरफल पातळ आणि अंकुर अगदी त्याखाली. मळणीयंत्र वेगाने फिरले किंवा पोते आपटले, तरी तो दुखावतो. म्हणूनच प्रमाणित गव्हाची किमान उगवण ८५ टक्के लागते, तर सोयाबीनची ७० टक्के चालते.

पण बियाण्याचे भवितव्य मळणीच्याही आधी ठरू लागते. शेंगा भरताना तापमान ३५ अंशांच्या वर टिकले, तर दाणा बारीक, सुरकुतलेला राहतो आणि जोम घटतो. पक्व झाल्यावर उष्ण, दमट हवा लागली, तर तो झाडावरच म्हातारा होऊ लागतो. भिजणे-वाळणे पुन्हापुन्हा झाले की टरफल सैल पडते, बुरशी शिरते. २०१९ च्या ऑक्टोबरात नेमके हेच झाले. काढणीला आलेले पीक आणि गंज्या पावसात भिजल्या. त्यातूनच पुढच्या जूनचे बियाणे निघाले.

त्यानंतर उन्हाळी बीजोत्पादनाला जोर आला. जानेवारीत पेरले की काढणी कोरड्या हवेत होते, उगवण चांगली राहते. मात्र पेरणी लांबली तर शेंगा एप्रिलच्या उन्हात भरतात, आगीतून फुफाट्यात!

१९६६ चा बियाणे कायदा पिशवीवरच्या लेबलाला जाब विचारतो. त्या लेबलावर उगवणीची टक्केवारी असते, पण दाणा कोणत्या ऊन-पावसातून आला ते नसते. काढणीचा महिना आणि ठिकाण तिथे छापले, तर शेतकऱ्याला निदान अंदाज येईल. तोवर ओल्या गोणपाटावर शंभर दाणे मोजून ठेवणे, हाच त्याच्या हातातला पुरावा आहे. दुबार पेरणीचा खर्च शेवटी त्याच्याच माथी येतो.