मिरजेचं दप्तर आणि मामाची हार्ड डिस्क

आजचा एपिसोड इतिहासाचा, पण सुरुवात एका ४० जीबीच्या हार्ड डिस्कपासून.

सांगलीत माझ्या मामाचं डीटीपीचं दुकान होतं. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेलं आणि दुकानातल्या कागदांचा लगदा झाला. त्यात गल्लीतल्या मंडळाची स्मरणिकाही गेली. २००५ च्या पुरात कोणाच्या घरात किती पाणी चढलं, याची यादी तिच्यात होती. माळ्यावरची जुनी डिस्क तेवढी कोरडी राहिली. ती मी साताऱ्याला घेऊन आलो.

विंडोजला जोडली तर ते विचारतं, 'फॉरमॅट करू का?' इथे 'हो' म्हणायचं नाही! लिनक्सवर मी डिस्क माउंट न करता आधी तिची पूर्ण प्रत काढली. त्यासाठी २००४ पासून जीएनयू डीडीरेस्क्यू आहे. ते चांगला भाग आधी वाचून घेतं, खराब सेक्टरकडे शेवटी वळतं आणि कुठवर आलो याची नोंद ठेवतं. मध्येच लाइट गेली तरी काम तिथूनच पुढे चालू. मग त्या प्रतीवर फोटोरेक चालवलं. फाइलींची नावं गेली, पण मजकूर आला. एक मात्र लक्षात ठेवा, डिस्क टकटक वाजत असेल तर घरी प्रयोग नको, लॅबमध्ये द्या.

स्मरणिका उघडली, तर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांची खिचडी! युनिकोड रुळण्याआधी मराठी फॉन्टची मांडणी कंपनीगणिक वेगळी असायची. मामाकडून जुना फॉन्ट मिळवला, तेव्हा कुठे यादी वाचता आली.

हेच काम मिरजेत सव्वाशे वर्षांपूर्वी झालंय. वासुदेवशास्त्री खरे शाळेत शिकवायचे आणि पटवर्धन सरदारांच्या दप्तरातली मोडी पत्रं वाचायचे. १८९७ पासून त्यांनी ती 'ऐतिहासिक लेखसंग्रह' म्हणून बाळबोध लिपीत छापली. आज मोडी वाचणारे मोजकेच, तरी पेशवाईतली ती पत्रं आपण सहज वाचतो. खऱ्यांनी कागद नुसते जपले नाहीत, लिपीही बदलून ठेवली.

आपल्या गल्लीचा २००५ चा इतिहास मात्र एका फॉन्टवाचून अडला होता. तेव्हा घरातली जुनी डिस्क बाहेर काढा, प्रत घ्या आणि मजकूर युनिकोडमध्ये करून ठेवा. तो फॉन्ट ज्यांच्याकडे आहे, ती माणसं अजून फोन उचलतायत.