मोहर कोणाच्या हाती?

खानजहान लोदीच्या बंडामागे आणि निजामशाहीच्या पारिपत्यासाठी शाहजहान १६३० साली बऱ्हाणपुरास आला, तो १६३२ पर्यंत येथेच राहिला. त्या काळात आग्र्याऐवजी तापीकाठच्या किल्ल्यातून हुकूम सुटत. दूरच्या सुभेदारास बादशहा दिसत नसे, दिसे ती फक्त फर्मानावरची ‘उझुक’ नावाची लहान मोहर. ती खरी, तर हुकूम खरा.

मुमताजमहल १७ जून १६३१ रोजी येथे वारली, पहिले दफन तापीपलीकडे जैनाबादेस झाले, हे आपल्याकडे पोरेही सांगतात. शाही मोहर काही काळ तिच्या ताब्यात होती, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. तिच्यामागे ती कन्या जहाँआराकडे आली. मोहर सांभाळणे हे राज्यकारभाराचे काम होते, ते काही अंतःपुरातले कौतुक नव्हे.

आज आपल्या घरची मुले पुण्याला किंवा इंदूरला बसून काळ्या पडद्यावर अक्षरे टंकतात आणि कुठल्या कुठे असलेले यंत्र ती आज्ञा पाळते. त्यांच्यापुढचा पेच तोच आहे. १९६९ साली निघालेली ‘टेलनेट’ ही पद्धत परवलीचा शब्द उघडाच धाडी. जणू हरकाऱ्याच्या हातातले बिनलखोट्याचे पत्र, वाटेतल्या चौकीवर कुणीही वाचावे! १९९५ साली हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात असेच परवलीचे शब्द चोरले गेले. तेव्हा तिथल्या तातू युलोनेन यांनी ‘एसएसएच’ लिहिले आणि सगळा संवाद सांकेतिक केला. १९९९ साली त्याची ‘ओपनएसएसएच’ ही मुक्त आवृत्ती आली आणि आज बहुतेक कारभार तिच्यावरच चालतो.

यात किल्ल्यांची जोडी असते. उघडी किल्ली दूरच्या यंत्रावर ठेवायची, गुप्त किल्ली आपल्यापाशी. गुप्त किल्लीने सही होते, उघडीने ती पडताळली जाते, आणि गुप्त किल्ली घराबाहेर पडतच नाही. मुघल मोहरेवर ही मोठीच मात म्हणायची, कारण ठसा पाहून कसबी कारागीर मोहर कोरू शके. इथे उघड्या किल्लीवरून गुप्त किल्ली घडवता येत नाही.

समोरचे यंत्रही पहिल्या भेटीत आपला ठसा दाखवते आणि विचारते, हाच ना? तो ताडून न पाहता लोक ‘येस’ टंकून मोकळे होतात. पुढे ठसा बदलला की यंत्र ओरडून सांगते, तर जुनी नोंदच पुसून टाकतात! याला काय म्हणावे?

मोहर एकच होती, म्हणून ती मुमताजकडून जहाँआराकडे आली हे दरबाराला कळले. इथे दर माणसाची किल्ली निराळी. माणूस नोकरी सोडून गेला तरी दूरच्या यंत्रावरच्या यादीतली त्याची ओळ कुणी खोडेपर्यंत तशीच राहते, आणि ते दार त्याला उघडत राहते.