निदानाचा पडताळा

वैद्यकाची पदवी हाती आली म्हणजे विद्यार्थिदशा संपली, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. परंतु रुग्णालयात काम करणाऱ्या डॉक्टरांची खरी परीक्षा त्यानंतरच सुरू होते, आणि तिचा निकाल त्यांना बहुधा कळतच नाही. रोगी बरा होऊन घरी जातो, अर्धवट बरा होऊन जातो, किंवा दगावतो. तिन्ही प्रकारांत मूळ निदान खरे होते की चुकीचे, हे सांगावयास कोणी उरत नाही. शाळेतल्या मुलाची पाटी मास्तर तपासतात. नावलौकिक मिळविलेल्या डॉक्टरांची पाटी कोणी तपासावयाची? अमेरिकेतील बॉस्टन शहरात विसाव्या शतकाच्या आरंभी या प्रश्नाची दोन उत्तरे पुढे आली. त्यांतील एक लोकांनी उचलून धरले. दुसरे देणाऱ्याला मात्र त्याची किंमत मोजावी लागली.

पहिल्या उत्तराचे बीज एका विद्यार्थ्याच्या कंटाळ्यात होते. वॉल्टर कॅनन हा हार्वर्ड विद्यापीठात वैद्यक शिकत होता. तासामागून तास चालणाऱ्या व्याख्यानांत त्याचे मन रमेना. त्याच्याच खोलीत राहणारा हॅरी बिगेलो हा कायद्याचा विद्यार्थी मात्र जुन्या खटल्यांचे निकाल वाचून त्यांवर रात्ररात्र वाद घालीत असे. कारण हार्वर्डच्या कायदेशाळेत १८७० पासून लँग्डेल यांनी तशीच शिक्षणपद्धती घालून दिली होती. खटल्याच्या जागी रोगी का नसावा, असे कॅननला वाटले, आणि १९०० साली त्याने तसा लेख प्रसिद्ध केला. पुढे हाच कॅनन शरीरक्रियाविज्ञानातील थोर संशोधक म्हणून जगाला माहीत झाला.

ही कल्पना मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधील डॉ. रिचर्ड कॅबट यांनी उचलली. कॅबट हे मोठ्या घराण्यातले, पण वृत्तीने निर्भीड. रोग्याच्या घरची स्थिती न पाहता नुसते औषध देण्यात अर्थ नाही, हे ओळखून त्यांनी १९०५ मध्ये रुग्णालयात समाजसेवेचा विभागही सुरू केला होता. (तो विभाग पुढे ज्यांनी नावारूपास आणला त्या आयडा कॅनन या वॉल्टरच्याच भगिनी!) १९१० पासून कॅबट आणि विकृतिशास्त्रज्ञ जेम्स होमर राइट यांनी एक वेगळीच सभा भरविण्यास प्रारंभ केला. मृत रोग्याचे टिपण डॉक्टरांच्या हाती द्यावयाचे: वय, तक्रार, ताप, नाडी, तपासणी, सर्व काही, मात्र शेवट झाकून ठेवावयाचा. डॉक्टरांनी सर्वांसमक्ष मोठ्याने विचार करीत निदानापर्यंत पोहोचावयाचे. मग विकृतिशास्त्रज्ञांनी उठून शवविच्छेदनात काय आढळले ते सांगावयाचे. त्यापुढे अपील नाही.

ही सभा नुसता बुद्धीचा खेळ नव्हता, हे कॅबट यांच्या आकड्यांवरून श्रोत्यांच्या ध्यानात येईल. १९१२ साली त्यांनी ३००० शवविच्छेदनांचा आढावा छापला. मधुमेहाचे निदान शंभरांत ९५ वेळा, विषमज्वराचे ९२ वेळा बरोबर ठरले होते. परंतु हृदयावरणाच्या तीव्र दाहाचे निदान शंभरांत २० वेळाच, आणि मूत्रपिंडाच्या तीव्र दाहाचे तर अवघे १६ वेळा अचूक निघाले. हे आकडे खेड्यातल्या वैदूचे नव्हते. ते एका नामांकित रुग्णालयातले होते. तरीही कॅबट यांची सभा रुजली. १९२३ पासून तिचे वृत्तांत बॉस्टनच्या वैद्यकीय साप्ताहिकात येऊ लागले. १९२८ मध्ये त्या साप्ताहिकाचे नाव 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' झाले, आणि त्या वृत्तांतांची परंपरा आजही चालू आहे.

ती रुजण्याचे एक कारण असे दिसते की, सभेत बोलणाऱ्या डॉक्टरांनी तो रोगी बहुधा पाहिलेलाच नसे. त्यांचे अनुमान चुकले तरी कोणाचे वाईट होत नसे, आणि ज्यांच्या हातून खरोखर चूक झाली त्यांचे नाव पुकारावे लागत नसे.

त्याच रुग्णालयातील शस्त्रवैद्य अर्नेस्ट कॉडमन यांना मात्र एवढ्याने समाधान नव्हते. प्रत्येक रोग्यामागे एक पत्रक ठेवावे, वर्षभराने तो कसा आहे ते पाहावे, आणि गुण आला नसल्यास दोष कोणाचा ते लिहावे, असा त्यांचा आग्रह होता. ज्येष्ठतेवर पदे वाटण्याच्या रूढीला विरोध म्हणून १९१४ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. जानेवारी १९१५ मध्ये वैद्यकीय सभेत त्यांनी एक मोठे व्यंगचित्र उघडे केले: वाळूत डोके खुपसलेला शहामृग श्रीमंतांच्या वतीने डॉक्टरांकडे सोन्याची अंडी उडवीत आहे! सभेत हलकल्लोळ माजला, आणि कॉडमन यांना अध्यक्षपद गमवावे लागले. व्यंगचित्र अनावश्यक होते असे म्हणता येईल. परंतु पत्रकाची मागणी तर साधी होती. आपल्या छोट्या खाजगी रुग्णालयात त्यांनी ती स्वतःवर लागू केली. तेथून १९११ ते १९१६ या काळात ३३७ रोगी घरी गेले. त्यांच्या उपचारांत १२३ चुका झाल्या, असे त्यांनी छापून प्रसिद्ध केले.

कॉडमन यांचा विचार अगदीच वाया गेला नाही. अमेरिकन शस्त्रवैद्यांच्या महाविद्यालयाने १९१९ मध्ये रुग्णालयांसाठी किमान नियम ठरविले. डॉक्टरांनी महिन्यातून एकदा तरी एकत्र बसून आपल्या कामाची चिकित्सा करावी, हा त्यांतलाच एक नियम होय. तपासलेल्या ६९२ मोठ्या रुग्णालयांपैकी केवळ ८९ या कसोटीस उतरली. ती यादी वृत्तपत्रांच्या हाती लागू नये म्हणून न्यूयॉर्कच्या एका हॉटेलातील भट्टीत जाळण्यात आली. नापासांत देशातील काही प्रख्यात रुग्णालये होती.

पुढे शिक्षणाचे तास मोजण्याचा काळ आला. न्यू मेक्सिको राज्याने १९७१ मध्ये परवान्यासाठी ते सक्तीचे केले; महाराष्ट्रातही डॉक्टरांना नोंदणीच्या नूतनीकरणासाठी असे गुणांक जमवावे लागतात. तास मोजणे सोपे असते. ज्यावर कॅबट यांची सभा उभी होती ते शवविच्छेदन मात्र अमेरिकेतील रुग्णालयांत उत्तरोत्तर विरळ होत गेले. कॉडमन १९४० मध्ये वारले. केंब्रिज येथील माउंट ऑबर्न दफनभूमीतील त्यांच्या थडग्यावर २०१४ पर्यंत नावाचा दगड नव्हता. तो त्या वर्षी बसविण्यात आला.