पाटाच्या पोटी वीज

अमेरिकेतल्या खेड्यापाड्यांत वीज पुरवणाऱ्या सुमारे 900 सहकारी संस्था आहेत. वर्षअखेर सगळा खर्च वजा जाता जो वाढावा उरतो, तो तिथे भांडवलावर वाटत नाहीत. ज्याचं बिल मोठं त्याचा वाटा मोठा, या हिशेबानं तो प्रत्येक सभासदाच्या नावावर मांडला जातो. हातात मात्र पडत नाही. रोख परतावा वीस-वीस, कधी तीस वर्षांनी मिळतो, त्यावर व्याज नसतं आणि तो केव्हा द्यायचा हे संचालक मंडळ ठरवतं. आजोबांनी भरलेल्या बिलातले पैसे वारसांना मिळावेत, अशीही उदाहरणं घडतात. ही विचित्र रीत आली कुठून?

सहकाराच्या कुठल्याही पुस्तकात उत्तर तयार असतं: रॉचडेल. 1844 च्या डिसेंबरात इंग्लंडमधल्या त्या गिरणगावात 28 जणांनी टोड लेनवर दुकान काढलं आणि नफा खरेदीच्या प्रमाणात वाटला. या युक्तीचं श्रेय चार्ल्स हॉवर्थला देतात. त्यावरही वाद आहेच. स्कॉटलंडच्या लेनॉक्सटाउनचे अभिमानी 1812 सांगतात, यॉर्कशायरचे लोक मेल्टॅम मिल्सचं 1827 पुढे करतात, आणि ग्लासगोच्या अलेक्झांडर कॅम्बेलचा दावा होता की ही कल्पना आपण हॉवर्थच्या आधीच सुचवली होती. मला वाटतं, दुकानाच्या वहीत गिऱ्हाइकाची खरेदी टिपली जाऊ लागली की ही कल्पना कुणालाही सुचेल. ती एकाहून अधिक ठिकाणी सुचली असावी.

पण रॉचडेलच्या कुळात वीज बसवायला गेलं की दोन ठिकाणी अडतं. रॉचडेलकर लाभांश तिमाहीला देत आणि भागभांडवलावर व्याजही देत. वीज संस्था व्याज देत नाहीत आणि मुद्दल पिढीभर अडकवून ठेवतात. बापाचा एवढा मोठा गुण पोरात नसेल, तर आईकडचं घराणं शोधायला हवं.

ते घराणं मला सापडलं करकायद्यात. अमेरिकेच्या 1916 च्या महसूल कायद्यात करमाफ संस्थांची यादी आहे. तिच्या एका कलमात शेतकऱ्यांच्या परस्पर विमा संस्था येतात, गारपीट, वादळ आणि आगीच्या; मग पाटाच्या पाण्याच्या परस्पर कंपन्या, मग सहकारी टेलिफोन कंपन्या, आणि शेवटी ‘किंवा तत्सम संस्था’. विजेचा उल्लेखच नाही. 1916 साली शेतावर वीज होतीच कुठे? पण आजही वीज संस्थांची करमाफी याच कलमाच्या वारशानं, त्या ‘तत्सम’च्या दारातून आत येते. मुख्य अट अशी की किमान 85 टक्के उत्पन्न सभासदांकडून आलेलं असावं आणि ते फक्त तोटा व खर्च भागवण्यासाठीच गोळा केलेलं असावं.

या अटीतच सगळं दडलेलं आहे. पाटकंपनीचं काम बघा. युटा-कोलोरॅडोच्या कोरड्या मुलखात शेतकरी मिळून पाट खोदत, वाट्याप्रमाणे पाणी घेत आणि दरसाल गाळ काढायला, बांध दुरुस्त करायला वर्गणी भरत. वर्गणी जास्त जमली तर ती कुणाचा नफा नव्हे, आपलीच जादा भरलेली रक्कम. टेलिफोनचंही तसंच. बेलच्या पेटंटांची मुदत 1893-94 मध्ये संपल्यावर शेतकऱ्यांनी कुंपणाच्या काटेरी तारांवरूनसुद्धा लाइनी चालवल्या. विमेवाल्यांची बाजू तर लंडनच्या सर्वोच्च न्यायपीठानंच 1889 साली उचलून धरली होती. न्यूयॉर्क लाइफ कंपनीच्या खटल्यात त्यांनी ठरवलं, की विमेदार-सभासदांना परत जाणारी शिल्लक हा करपात्र नफा नाही. स्वतःशीच व्यापार करून कुणी श्रीमंत होत नसतो.

आता रूझवेल्टच्या काळात या. 1935 साली ग्रामीण विद्युतीकरण प्रशासन स्थापन झालं तेव्हा दहातल्या जेमतेम एका शेतावर वीज होती. खासगी कंपन्यांना तिकडे तारा ओढणं परवडत नव्हतं. शेतकऱ्यांनी संस्था काढल्या, सभासद फी सहसा पाच डॉलर. पाच डॉलरवर खांब उभे राहत नाहीत, म्हणून भांडवल जवळजवळ पूर्ण सरकारी कर्जाचं. 1944 च्या कायद्यानं ते दोन टक्के व्याजानं, 35 वर्षांच्या मुदतीनं मिळू लागलं. वाढावा सभासदांचा, हे तर करकायद्यानं ठरवलेलंच होतं. पण तो लगेच वाटला तर हप्ते फेडायचे कशातून? उत्तर निघालं: नावावर मांडा, वापरा, कर्ज हलकं झालं की द्या. परताव्याचं चक्र वीस-तीस वर्षांचं का, याचा उगम त्या 35 वर्षांत असावा असा माझा अंदाज आहे.

रॉचडेलवाले यावर म्हणतील, प्रमाण तरी आमचंच ना? मान्य. खरेदीच्या प्रमाणात वाटायचं, हे त्यांचंच देणं. पण कुणाचा किती वाटा हे वहीत मांडायला लावलं ते करखात्यानं. 1972 च्या एका करनिर्णयानं तर प्रत्येक सभासदाच्या हक्काची नोंद ठेवणं बंधनकारकच केलं.

या कुळाची एक फांदी अहमदनगर जिल्ह्यातही लागली होती. 1969 च्या सुमारास, अमेरिकन सहकार्याने, भारतात पाच ग्रामीण वीज सहकारी संस्था निघाल्या. त्यांपैकी एक श्रीरामपूरची मुळा-प्रवरा. संस्थेची घडण आली, पण परताव्याची वही इथे रुजणं अवघडच होतं. ग्राहक बहुतांशी शेतीपंपवाले, दर सवलतीचे, वीज मंडळाच्या थकबाकीचा वाद वर्षानुवर्षे. वाढाव्याच्या वाटपाला मुळात वाढावा लागतो. 2011 मध्ये परवाना गेला आणि वीजवाटप महावितरणकडे आलं.

गंमत अशी, की त्याच मुलखात हा हिशेब लोकांना पाठ आहे, फक्त विजेचा नाही. ऊस जितका घातला त्या प्रमाणात जादा दर, दूध जितकं घातलं त्या प्रमाणात दिवाळीच्या तोंडावर दर फरक. आणि करखातं इथंही हजर आहेच. उसाच्या किमान दरावर दिलेली जादा रक्कम हा खर्च की नफ्याची वाटणी, हा प्रश्न तासगाव तालुका कारखान्याच्या प्रकरणात 2019 साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. न्यायालयानं सांगितलं, त्यात नफ्याचा भाग किती ते तपासा. तेवढी रक्कम खर्च म्हणून वजा होणार नाही. अमेरिकेत ज्या प्रश्नानं वीजबिलाची वही घडवली, तो इथे उसाच्या बिलावर 2019 मध्येही सुटायचा होता. म्हणून माझा हट्ट आहे: सहकाराचा इतिहास लिहिणाऱ्यानं रॉचडेलच्या दुकानापाशी थांबू नये, आयकर अधिकाऱ्याच्या टेबलापर्यंत जावं.