चमचाभर तांदूळ

चार वर्षांपूर्वी आम्ही काही मित्रांनी गावात एक अभ्यासिका सुरू केली. एक खोली, सहा टेबलं, दोन पंखे, वायफाय. स्पर्धा परीक्षा देणारी पोरं सकाळी सातलाच येऊन बसायची. भाडं आणि विजेचं बिल मी माझ्या पगारातून भरायचो, आणि खरं सांगायचं तर त्याचा मला बराच अभिमान होता. मग मी नोकरीसाठी बेंगळुरूला गेलो. पैसे पाठवत राहिलो, तरी पाच महिन्यांत खोलीला कुलूप लागलं. भांडण नाही, राजकारण नाही. एक पंखा बिघडला आणि तो दुरुस्त कुणी करायचा हे ठरेना. सगळे माझ्या फोनची वाट बघत बसले होते.

पुढे कामानिमित्त दोन महिने सोलमध्ये होतो. रात्री हॉटेलच्या खिडकीतून लाल निऑनचे क्रूस दिसायचे. एकदा मोजले, सतरा भरले. मी ख्रिस्ती नाही, त्यामुळे प्रश्न श्रद्धेचा नव्हता. प्रश्न इंजिनिअरचा होता. ज्या देशात 1880च्या आधी एकही प्रोटेस्टंट चर्च नव्हतं, तिथे ही इतकी आली कशी आणि लावणारे निघून गेल्यावर टिकली कशी? वाचायला लागलो आणि एका सफरचंदवाल्यापाशी येऊन थांबलो.

जॉन नेव्हियस हा अमेरिकन मिशनरी. 1829चा जन्म, आयुष्य चीनच्या शानतुंग प्रांतात गेलं. यान्ताईची सफरचंदं आज चीनभर प्रसिद्ध आहेत. तिथे पाश्चात्त्य जातींची फळझाडं आणून लावली आणि स्थानिक शेतकऱ्यांना कलमं दिली ती याच माणसानं. बागेतलं त्याचं काम नीट चाललं होतं. गोची होती ती चर्चमध्ये.

त्या काळची पद्धत अशी. गावात दहा-बारा लोक ख्रिस्ती झाले की त्यांतला सगळ्यात हुशार, बोलका माणूस हेरायचा आणि त्याला मिशनचा पगार सुरू करायचा. आता तो प्रचारक. इमारत मिशनच्या पैशानं, कंदील आणि बाकंही मिशनची. नेव्हियसनं काही वर्षं हे केलं आणि मग 1885 पासून एका नियतकालिकातल्या लेखमालेत त्याची चिरफाड केली. त्याचं म्हणणं साधारण असं: तुम्ही तो माणूस त्याच्या शेतातून, दुकानातून उचलता तेव्हा गावातली त्याची पतच उचलून नेता. काल तो शेजाऱ्याशी बोलायचा ते मनापासून, आज शेजारी म्हणतो, याला त्याचे पैसे मिळतात. उरलेले विचारतात, मग आमची नोकरी कधी? आणि परदेशातून येणारा पैसा आटला की सगळंच आटतं.

त्यावर त्याचा उपाय साधा होता आणि म्हणूनच पचायला जड होता. जो जिथे आहे तिथेच राहील. लोहार लोहारच राहील, शेतकरी शेतकरीच, आणि गावातल्या मंडळीचं पुढारपण बिनपगारी करेल. (मराठी ख्रिस्ती लोक चर्चला ‘मंडळी’ म्हणतात. इमारत नव्हे, माणसं. फार नेमका शब्द आहे.) पगारी माणूस ठेवायचा तर मंडळीनं स्वतः निवडायचा, स्वतः पोसायचा. प्रार्थनाघर गावकऱ्यांनी बांधायचं, त्यांच्याच पद्धतीचं, त्यांना झेपेल तेवढं. मिशनरी फक्त फेऱ्या मारेल, शिकवेल आणि पुढच्या गावाला जाईल. शानतुंगमध्ये त्याच्याकडे अशी साठेक ठिकाणं होती.

ही कल्पना त्याची एकट्याची नव्हती. मंडळीनं स्वतःचा कारभार, खर्च आणि प्रसार स्वतःच करावा, हे सूत्र इंग्लंडचा हेन्री व्हेन आणि अमेरिकेचा रूफस अँडरसन यांनी आधीच मांडलं होतं. त्यांतला अँडरसन तर आपल्या अहमदनगरला येऊन गेला होता, 1854च्या अखेरीस. तिथल्या अमेरिकन मराठी मिशनला त्यानं बजावलं की इथल्या मंडळ्यांना इथलेच पाळक हवेत. पाळक म्हणजे पास्टर. त्याच सुमारास हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक हे नगरच्या मंडळ्यांचे पाळक झाले. पण पैशाचा दोर बोस्टनहून येत होता तो तसाच राहिला. साठेक वर्षांनी, 1917 साली, नारायण वामन टिळक मिशनमधून बाहेर पडले आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ उभारायला लागले. कवी टिळक आपल्याला शाळेतल्या कवितेमुळे माहीत असतात, त्यांचं हे धाडस फारसं माहीत नसतं. त्यांना मिशनच्या पगाराबाहेरची, इथल्या मातीतली मंडळी हवी होती. दोनच वर्षांत, 1919 साली, ते गेले.

तर, कोरिया. 1890च्या जून महिन्यात नेव्हियस दोन आठवडे सोलला येऊन गेला. तो एकसष्ट वर्षांचा होता. समोर बसलेली पोरं माझ्या वयाची. होरेस अंडरवूड तिशीचा, सॅम्युएल मॉफेट सव्वीस वर्षांचा, काही महिन्यांपूर्वीच उतरलेला. मुरलेल्या माणसानं स्वतःच्या चुका सांगितल्या आणि या पोरांनी त्या ऐकल्या. आमच्याकडे नॉलेज ट्रान्स्फर नावाचा जो प्रकार नोटीस पिरियडच्या शेवटच्या आठवड्यात उरकतात, त्याहून हे दोन आठवडे बरेच बरे गेले असावेत. कारण चीनमध्ये ज्या पद्धतीवर त्याच्याच सहकाऱ्यांनी टीका केली, ती कोरियातल्या प्रेस्बिटेरियन मिशननं जवळपास नियमावलीच करून टाकली.

अर्थात कोरियात जमीन आधीच नांगरलेली होती, आणि तीही कोरियन माणसांनीच. जॉन रॉस हा स्कॉटिश मिशनरी मांचुरियात बसून कोरियन व्यापाऱ्यांच्या मदतीनं बायबलचं भाषांतर करत होता. लूक आणि योहान यांची पुस्तकं 1882 साली छापून झाली, संपूर्ण नवा करार 1887 साली. लिपी हंगुल, म्हणजे पंडित नाक मुरडत ती, बायकांची आणि सामान्यांची लिपी. सो सांग-र्‍युन नावाचा एक व्यापारी मांचुरियात आजारी पडला, मिशनच्या लोकांनी त्याला वाचवलं. पुढे त्यानं ही पुस्तकं, बंदी असताना, चोरून कोरियात नेली आणि सोरे नावाच्या किनारपट्टीवरच्या गावात त्याचा जम बसला. अंडरवूड 1885 साली बोटीतून उतरला, तेव्हा बाप्तिस्मा घ्यायला तयार असलेली माणसं तिथे होतीच. सोलमधली त्याची पहिली मंडळी सप्टेंबर 1887 मध्ये स्थापन झाली, चौदा जणांची. त्यातले तेरा रॉसच्या माणसांनी तयार केलेले निघाले. पायनियर म्हणून आपण पोचावं आणि काम आधीच झालेलं असावं! अंडरवूडला काय वाटलं असेल याची मला फार उत्सुकता आहे.

त्याच सोरे गावानं 1895 साली स्वतःच्या खर्चानं प्रार्थनाघर बांधलं. परदेशी पैसा न घेता.

पण इमारत एकदा बांधून होते, रोजचं काय? इथे मला चमचा सापडला. कोरियन ख्रिस्ती घरांतल्या बायका रोजचा भात टाकताना त्यातला चमचाभर तांदूळ वेगळ्या पिशवीत काढून ठेवायच्या. रविवारी पिशवी चर्चमध्ये जायची. त्यातून पाळकाचं पोट भरे, गरिबालाही मिळे. या तांदळाला ते ‘सोंगमी’ म्हणतात. आपल्याकडे कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहांसाठी आयाबाया मूठभर धान्य बाजूला काढायच्या, तोच हा मुष्टिफंड. मूठ काय किंवा चमचा काय, देणारीला तो रोज दिसतो. महिन्याच्या एक तारखेला ऑटो-डेबिट होणाऱ्या माझ्या भाड्यासारखा नाही. माझे पैसे कुणालाच दिसत नव्हते, मलासुद्धा नाही.

ज्यांच्याकडे तांदूळही बेताचा, ते दिवस द्यायचे. वर्षातले माझे पाच दिवस, माझे दहा दिवस, आसपासच्या गावांत फिरून सांगण्यासाठी. लोक हे दिवस सभेत सर्वांसमोर कबूल करत. आणि हिवाळ्यात शेतीची कामं संपली की बायबलचे वर्ग भरत. शेतकरी पाठीवर स्वतःचा तांदूळ बांधून, बर्फातून मैलोन् मैल चालत येत आणि स्वतःच्या खर्चानं राहत. वाचता येत नसेल तर आधी हंगुल शिकायचं. कितीतरी प्रौढ बायका आयुष्यात पहिल्यांदा वाचायला शिकल्या त्या यासाठी. 1907च्या जानेवारीत प्योंगयांगच्या ज्या प्रार्थनासभांतून देशभर लाट उठली असं सांगतात, त्या अशाच एका हिवाळी वर्गातल्या होत्या.

आता या सगळ्यात पुढारी कसा निवडला जायचा? गुमसान नावाच्या गावात जो दोक-साम हा जमीनदार होता आणि यी जा-इक हा त्याचा मोतद्दार, घोडा सांभाळणारा. यी अनाथ, दक्षिणेकडून कामाच्या शोधात आलेला. ल्युईस टेट हा मिशनरी तिथे यायचा, मंडळी जमीनदाराच्याच घरात भरायची. 1905 साली मालक आणि नोकर दोघे ख्रिस्ती झाले. तीनेक वर्षांत मंडळीचा पहिला ‘वडील’, म्हणजे कारभारी, निवडायची वेळ आली. मतदान झालं. नोकर निवडून आला.

जातीपातीच्या गावात वाढलेल्या माणसाला पुढचं दृश्य कल्पनेनं रंगवायला वेळ लागत नाही. घर मालकाचं, पैसा बराचसा मालकाचा, आणि रविवारी समोर उभा राहून बोलणार मोतद्दार. पण जो दोक-साम उभा राहिला आणि त्यानं निकाल मानला. पुढे यीला पाळक व्हायला प्योंगयांगच्या सेमिनरीत पाठवलं, खर्च स्वतः केला. यी शिकून त्याच मंडळीचा पाळक म्हणून परतला, आणि तोवर ‘वडील’ झालेला जुना मालक त्याच्या हाताखाली काम करत राहिला. यी जा-इक पुढे कोरियाच्या प्रेस्बिटेरियन महासभेचा अध्यक्ष झाला, एकदा नव्हे, तीनदा.

जो दोक-सामची निवडणुकीच्या रात्रीची झोप कशी गेली असेल, हे कुठल्याही पुस्तकात नाही. ऑफिसात लीडरशिप ट्रेनिंग असतं तेव्हा आम्हाला स्लाइडवर नेहमी निवडून आलेला माणूस दाखवतात. हरलेला आणि तरीही फी भरणारा कधीच दाखवत नाहीत.

सगळं असंच गोड नव्हतं. सोलमध्ये पाक सोंग-चुन हा खाटीक बाप्तिस्मा घ्यायला आला तेव्हा तिथले वरच्या वर्गातले लोक मंडळी सोडून गेले. खाटीक म्हणजे तिथले अस्पृश्यच, त्यांना टोपी घालायचीही मुभा नव्हती. तोच पाक 1911 साली ‘वडील’ झाला, पण मधे सोळाएक वर्षं गेली होती. आणि खुद्द मिशनऱ्यांचं काय? दुसऱ्याला खुर्ची द्या म्हणणारे स्वतःच्या खुर्चीतून सावकाश उठले. 1907 साली कोरियन चर्च स्वतंत्र झालं, पहिले सात कोरियन पाळक झाले, त्यांतल्या एकाला लगेच जेजू बेटावर प्रसाराला पाठवलं. पण त्या सभेचा अध्यक्ष मॉफेट. 1912 साली महासभा झाली, अध्यक्ष अंडरवूड. कोरियन अध्यक्ष यायला 1915 उजाडलं. कोरियन पाळकांना लोकांपेक्षा फार जास्त शिकवू नये, असंही काही मिशनरी लिहीत होते. म्हणजे पैसा देऊ नये हे तत्त्व छान, पण त्याच्या आडून ज्ञानही राखून ठेवायची सोय झाली. नेव्हियसचे भक्त हा भाग जरा घाईत उरकतात असं मला वाटतं.

शिवाय काळही मदतीला होता. चीनमध्ये किंवा आपल्याकडे धर्म आणि तोफा एकाच दिशेनं येताना दिसत. कोरियाला गिळायला आला तो जपान. तिथे ख्रिस्ती असणं म्हणजे परक्या राज्यकर्त्याच्या बाजूचं असणं नव्हतं. नुसत्या पद्धतीला सगळं श्रेय देणं बरोबर नाही. शानतुंगमध्ये तीच पद्धत, तोच माणूस, आणि फळं सफरचंदांनाच जास्त आली.

गुमसानचं 1908चं प्रार्थनाघर अजून उभं आहे. काटकोनात वळलेली लाकडी इमारत, एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बायका, आणि बोलणारा बरोबर कोपऱ्यात, दोघांना दिसेल असा. सोलहून निघण्याआधी तिथे जायचं होतं, पण रिलीजची तारीख पुढे सरकली आणि राहून गेलं.

परवा गावाकडच्या ग्रुपवर एका पोराचा मेसेज आला. ‘दादा, अभ्यासिका परत सुरू करायची का?’ मी सवयीनं भाड्याचा आकडा टाइप केला. मग खोडला आणि विचारलं, ‘किल्ली कुणाकडे आहे?’

अजून उत्तर आलेलं नाही.