मागच्या आसाचा आवाज आणि तो ओळखणारे कान

मोटारगाडीच्या मागच्या भागातून येणाऱ्या आवाजाचा छडा लावणे हे गॅरेजमधील अवघड कामांपैकी एक मानले जाते, कारण आवाज जेथे ऐकू येतो तेथेच तो उत्पन्न झालेला असतो असे नाही. आसाचे पोलादी कवच, त्यावर टेकलेली बॉडी आणि पोकळ डिकी यांतून तो पसरतो आणि ऐकणाऱ्याला फसवतो. म्हणूनच या कारागिरीत आवाज कोठून येतो यापेक्षा तो कोणत्या वेळी येतो, या प्रश्नाला अग्रस्थान मिळाले. ते का मिळाले, हे समजण्यासाठी मागच्या आसाच्या रचनेचा इतिहास पाहावा लागतो.

प्रारंभीच्या अनेक मोटारींत इंजिनाची शक्ती मागच्या चाकांपर्यंत साखळीने पोहोचत असे आणि साखळीच्या खडखडाटात बारीक आवाज वेगळा काढणे जवळजवळ अशक्य होते. १८९८ साली लुई रेनो यांनी आपल्या छोट्या गाडीत साखळीऐवजी फिरता दांडा, म्हणजे आजचा प्रोपेलर शाफ्ट, योजला. अशा रचनेत दांड्याच्या टोकाचे लहान दातेरी चक्र, म्हणजे पिनियन, आसावरील मोठ्या चक्राला, म्हणजे क्राउनला, काटकोनात फिरवते. वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा अधिक अंतर कापावे लागते, त्यामुळे दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारे डिफरन्शियलही याच ठिकाणी बसते. त्याची कल्पना फ्रेंच घड्याळजी ओनेझिफोर पेकर यांनी १८२० च्या दशकाच्या अखेरीस वाफेच्या गाडीसाठी मांडली होती. अशा रीतीने गाडीतील सर्वांत नाजूक जुळणीचे दाते मागच्या आसात, प्रवाशांच्या आसनाखाली, येऊन बसले.

हे दाते सुरुवातीला सरळ कापलेले असत. १९०८ ते १९२७ या काळात तयार झालेल्या फोर्डच्या मॉडेल टी गाडीतही तसेच होते. सरळ दात्यांची जोडी आपल्या पूर्ण लांबीभर एकदम भिडते आणि प्रत्येक भिडण्याबरोबर लहानसा आघात होतो, म्हणून वेग वाढला की या आघातांची सलग घरघर ऐकू येत असे. अमेरिकेतील रॉचेस्टर येथील ग्लिसन या यंत्रनिर्मात्या कंपनीने १९१३ च्या सुमारास वक्र दाते कापण्याची पद्धत मोटारउद्योगाला दिली. वक्र दाता एका टोकाकडून हळूहळू भिडत जातो आणि एक दाता सुटण्यापूर्वीच दुसरा भार घेतो, त्यामुळे आवाज पुष्कळ मंदावला. १९२५ मध्ये याच कंपनीने हायपॉइड चक्रे आणली. त्यांत पिनियनची मध्यरेषा क्राउनच्या मध्यरेषेखाली असते, त्यामुळे शाफ्ट आणि त्याबरोबर गाडीचा तळही खाली आणता आला. परंतु दाते एकमेकांवर अधिक घसरू लागल्याने अतिदाब सहन करणारे वेगळे तेल लागू लागले. गाडी जसजशी शांत होत गेली, तसतसा पूर्वी इतर गोंगाटात झाकला जाणारा बारीक दोषही कानाला जाणवू लागला, आणि आवाज ओळखणाऱ्या कारागिराचे महत्त्व वाढले.

भारतात स्वातंत्र्यानंतरच्या जवळजवळ चार दशकांत रस्त्यांवर मागच्या चाकांना शक्ती देणाऱ्या गाड्यांचेच राज्य होते: वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्यातील कारखान्यात तयार होणारी फिएट, जिला पुढे पद्मिनी हे नाव मिळाले, उत्तरपाड्याची ॲम्बॅसडर आणि मुंबईत महिंद्रा कंपनीने जुळवलेली जीप. या गाड्यांवर हात बसलेले मिस्त्री दोष शोधताना प्रथम गाडी चालवून पाहत. ॲक्सिलरेटर दाबताच गुणगुण सुरू होऊन पाय काढताच थांबली, तर क्राउन-पिनियनच्या दात्यांची एक बाजू संशयित ठरे, आणि पाय काढल्यावरच ती येत असेल तर दुसरी. कारण ओढताना आणि ओढले जाताना दात्यांच्या भिन्न बाजूंवर भार येतो. गाडी डावी-उजवीकडे झुकवताच घरघर बदलली तर चाकाचे बेअरिंग, रस्त्याचा पृष्ठभाग बदलताच बदलली तर टायर, सुटताना किंवा गियर टाकताना ठक्क असा आवाज आला तर शाफ्टच्या सांध्यातील क्रॉस किंवा दात्यांमधील वाढलेली मोकळीक, म्हणजे प्ले, केवळ वळणावर कडकड झाली तर डिफरन्शियलमधील लहान चक्रे, आणि खड्ड्यात कुरकुर झाली तर स्प्रिंगच्या पाट्यांचे बुश, अशी ती निदानाची परंपरा होती.

निदानानंतरची दुरुस्ती तितकीच काटेकोर असे. क्राउन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जोडीने तयार केलेले असतात, म्हणून त्यांतील एकच बदलणे चुकीचे ठरते. जोडी बसवल्यानंतर तेलात कालवलेला शेंदूर, म्हणजे शिशाचे तांबडे ऑक्साइड, क्राउनच्या काही दात्यांवर लावून चक्रे हाताने फिरवली जात आणि पिनियन जेथे घासला तेथे रंग पुसून उमटलेला ठसा तपासला जाई. ठसा दात्याच्या माथ्याकडे किंवा मुळाकडे सरकलेला असेल तर पिनियनमागच्या पातळ चकत्यांची, म्हणजे शिमची, जाडी बदलून पिनियन आतबाहेर घेतला जाई; तो दात्याच्या एका टोकाला गेला असेल तर क्राउन बाजूला सरकवून प्ले जुळवला जाई. हा प्ले साधारणपणे ०.१ ते ०.२ मिलिमीटर, म्हणजे जाड कागदाच्या जाडीइतका असतो. कमी ठेवला तर दाते तापून खराब होतात, अधिक ठेवला तर आदळतात.

डिसेंबर १९८३ मध्ये पुढच्या चाकांना शक्ती देणारी मारुती ८०० आली आणि पुढील काळात घरगुती मोटारींमध्ये याच रचनेचा प्रसार झाला. अशा गाडीच्या मागच्या आसात क्राउन-पिनियनच नसल्याने तेथील आवाजांची यादी बेअरिंग, शॉक ॲब्सॉर्बर, ब्रेकचे लायनर, बुश आणि सायलेन्सरची रबरे यांच्यापुरती आखडली, आणि ठसा वाचण्याचे कसब ट्रक, जीप व जुन्या टॅक्सी यांच्या गॅरेजांत उरले. मुंबईतील शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये सेवेतून बाद झाली, तेव्हा या कसबाचा एक मोठा आश्रयही संपला.

तरीही त्या ज्ञानाचे प्रयोजन संपलेले नाही. विजेच्या मोटारीत इंजिनाचा आवाज नसल्याने वेग कमी करणाऱ्या दात्यांची गुणगुण पुन्हा स्पष्ट ऐकू येते, आणि पुण्यात १९६६ साली स्थापन झालेल्या एआरएआय या संशोधन संस्थेसारख्या ठिकाणी आवाज व कंपने यांची मोजणी यंत्रांनी केली जाते. यंत्र आवाजाची तीव्रता आणि कंपनसंख्या अचूक सांगते. परंतु वेग, भार आणि वळण यांपैकी काय बदलल्यावर तो बदलला, याचा मेळ घातल्याशिवाय दोष निश्चित होत नाही. मिस्त्रींनी अनुभवातून घडवलेली हीच पद्धत प्रयोगशाळेच्याही मुळाशी आहे, म्हणून तिची नोंद तंत्रज्ञानाच्या इतिहासात सन्मानाने व्हायला हवी आणि तरुण कारागिरांना ती शिकवली जायला हवी.